कठड्याच्या अलीकडून



मुलाकडे परदेशी जाऊन आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय काय पाहिलं?" उत्तरही ठरलेलं असतं. डिस्नेलँड, गोल्डन गेट, नायगारा. मी अडुसष्टाव्या वर्षी साडेपाच महिने कॅलिफोर्नियात राहून आले आणि यातलं काहीही पाहिलं नाही. मी सील पाहिले. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, थंडीवाऱ्यात उभं राहून एकाच किनाऱ्यावरचे तेच सील पाहिले. बस्तीत हे सांगितलं तेव्हा दोघी-तिघी हसल्या आणि एकीने विचारलं, "काकू, त्यात पाहायचं काय एवढं?" तिला तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

आमचा मुलगा सॅन लुईस ओबिस्पो नावाच्या गावात राहतो. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या साधारण मधोमध, समुद्राजवळचं लहानसं गाव. जिनमंदिर म्हणाल तर एक उत्तरेला मिलपीटासला, एक दक्षिणेला बुएना पार्कला, दोन्ही गाडीने तीन-चार तासांवर. म्हणजे रोजच्या दर्शनाचा प्रश्नच नव्हता. घरातच एका कपाटात चौकी मांडली होती. ह्यांना जाऊन तीन वर्षं झालेली. सांगलीचं घर बंद करून निघाले तेव्हा मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, या वेळी ये आणि राहाच. ग्रीन कार्डचे कागद आपण करू." मी "बघू" म्हटलं होतं. हे "बघू" घेऊनच मी विमानात बसले.

नोव्हेंबरच्या मध्याला पोचले. तिथे हिवाळ्यात पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. माझा सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम, त्यामुळे साडेचारला मी एकटीच टेबलावर पान मांडून बसायची. मुलगा-सून कामावर, नात शाळेतून येऊन क्लासला गेलेली. घर उबदार, फ्रिज भरलेला, आणि बोलायला कुणी नाही. तुमच्यापैकी ज्या मुलांकडे राहून आल्या आहेत त्यांना हे दुपारी चार वाजताचं घर माहीत असेल.

शेजारी एक बाई राहायच्या. वय चौऱ्याहत्तर, शाळेतून निवृत्त, एकट्या, स्वतः गाडी चालवणाऱ्या. मला नावाने हाक मारा म्हणायच्या, पण आपल्यापेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मी त्यांना "ताई" म्हणायला लागले. मुलाने अर्थ सांगितल्यावर त्यांना इतका आनंद झाला की भेटेल त्याला सांगायच्या, मी हिची मोठी बहीण आहे. ताई दर मंगळवारी निळं जाकीट घालून कुठेतरी जायच्या. एकदा त्यांनी खुणेनेच विचारलं, येतेस का? मी डबा भरला आणि गेले.

त्या जागेचं नाव पिएद्रास ब्लांकास. सॅन लुईसहून समुद्राकाठच्या रस्त्याने उत्तरेला तासाभराचा प्रवास. रस्त्याला लागूनच गाड्या लावायची जागा, तिकीट नाही, आणि किनाऱ्याच्या वर लाकडी फळ्यांची पायवाट आणि कठडा. कठड्याच्या खाली वाळूवर पोती टाकल्यासारखे ते पसरलेले होते. एलिफंट सील, म्हणजे हत्ती सील. नराला खरोखरच सोंडेसारखं लोंबणारं नाक असतं. मोठ्या नराचं वजन दोन हजार किलोंच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त, मादी त्याच्या मानाने बरीच लहान. आवाज म्हणाल तर रिकाम्या पिंपावर कुणी जोरजोरात बडवतंय असा. वासाचं मी लिहीत नाही.

ताई तिथे आलेल्या लोकांना माहिती सांगायचं काम करायच्या, विनामोबदला. 'फ्रेंड्स ऑफ द एलिफंट सील' नावाची संस्था १९९७ पासून हे करते, निळी जाकिटं त्यांचीच. मला इंग्रजी बेताचं कळतं, पण एकच गोष्ट दर मंगळवारी ऐकली की कळायला लागते. नाही कळलं ते मुलाला विचारून घ्यायची.

या प्राण्यांची कथा ऐकून मी पहिल्याच दिवशी गप्प झाले. एकोणिसाव्या शतकात दिव्यांच्या तेलासाठी माणसाने ते इतके मारले की संपलेच असं मानलं गेलं. १८९२ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर थोडेसे सापडले, शंभरसुद्धा नसावेत असा अंदाज. आणि ज्यांना ते सापडले त्यांनी त्यातलेही काही संग्रहालयासाठी मारले! पुढे १९२२ मध्ये मेक्सिकोने त्यांना संरक्षण दिलं, मग अमेरिकेनेही. आज ते दोन लाखांच्या घरात आहेत आणि सगळे त्या मूठभरांचे वंशज. मी उभी होते तो किनारा तर १९९० पर्यंत रिकामा होता. त्या वर्षी वीस-बावीस आले, १९९२ मध्ये तिथे पहिलं पिल्लू जन्मलं, आणि आता वर्षभरात हजारो येऊन जातात.

त्यांना परत आणण्यासाठी माणसाने काय केलं? पिंजऱ्यात वाढवले नाहीत, खाऊ घातलं नाही. मारायचं थांबवलं, आणि ते आले तिथे त्यांना राहू दिलं. आपण अहिंसेवर इतकी प्रवचनं ऐकतो, पण हात आवरला तर काय होतं याचा एवढा मोठा, ओरडणारा, वाळू उडवणारा पुरावा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

डिसेंबरच्या सुरुवातीला नर येतात आणि जागेवरून भांडतात. मध्यापासून माद्या यायला लागतात, पोटात पिल्लू घेऊन. किनाऱ्यावर आल्यापासून चार-पाच दिवसांत बाळंत होतात. पिल्लू काळंकुट्ट, सुरकुतलेलं, अंगापेक्षा कातडी मोठी. जन्मलं की आई त्याच्याकडे तोंड करून ओरडते, ते तिच्याकडे तोंड करून ओरडतं. ताई म्हणाल्या, ते एकमेकांचा आवाज आणि वास पाठ करतायत, कारण शेकडो आयांच्या गर्दीत पुढे तेवढीच ओळख. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत गर्दी करू नका म्हणतात ते मला आठवलं.

मग सुरू होतो उपवास. बाळंत झालेली मादी पिल्लाला पाजते ते सुमारे चार आठवडे, आणि किनाऱ्यावरच्या साधारण पाच आठवड्यांत ती स्वतः काही खात नाही, पाणीही पीत नाही. अंगातली चरबी जळते, त्यातूनच तिचं पाणी होतं. दूध इतकं दाट की शेवटी शेवटी त्यात निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो. पिल्लू तीस-पस्तीस किलोंचं जन्मतं आणि महिन्याभरात सव्वाशे किलोंच्या आसपास जातं. आई मात्र एक तृतीयांशाहून जास्त वजन गमावते. मोठे नर तर जागा सोडायची नाही म्हणून तीन महिनेही उपाशी राहतात.

दशलक्षणात दहा उपवास करणाऱ्या आपल्या बायकांची आपण वाजतगाजत मिरवणूक काढतो, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच तुलना सुरू झाली. घरी येऊन विचार केला तेव्हा ती मागे घेतली. तपाला संकल्प लागतो, समोर ताट असताना नको म्हणणं लागतं. सीलचं न खाणं ही देहाची व्यवस्था आहे, त्याला आपण तपाचं नाव द्यायचं कारण नाही. पण त्या माद्यांच्या बरगड्यांवरची कातडी आठवड्या-आठवड्याला सैल होत गेलेली मी पाहिली, आणि त्यांना मनातल्या मनात हात जोडले. तेवढं चालतं, असं मला वाटतं.

आता ज्या दिवसामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगते.

जानेवारीत एका मंगळवारी वादळ होऊन गेलेलं. भरती मोठी होती आणि लाटा पार कड्याच्या पायथ्यापर्यंत येत होत्या. माद्या पिल्लांना घेऊन मागे सरकत होत्या, पण मागे जागाच नव्हती. एका लाटेबरोबर एक काळं पिल्लू वाहून गेलं, पुढच्या लाटेने ते परत आणून टाकलं, पण भलतीकडे. ते ओरडायला लागलं. आठवड्याभराचं असेल. जवळच्या मादीकडे दूध शोधत गेलं, तिने त्याला चावा घेऊन ढकललं. दुसरीकडे गेलं, तिनेही तेच. त्याची आई कुठे होती कळत नव्हतं. आमच्यात आणि त्याच्यात पंधरा-वीस फुटांचं अंतर आणि मध्ये एक कठडा.

मी मराठीतच ओरडले, "अगं उचला ना कुणीतरी त्याला!" ताईंना शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. त्यांनी माझा हात धरला आणि मान हलवली. नाही.

मैत्रिणींनो, आपण पांजरपोळाला देणगी देणारी माणसं. दारात चिमणीचं पिल्लू पडलं तर कापसात ठेवतो. पाणी गाळून उरलेली जिवाणी परत विहिरीत सोडणाऱ्या आजीच्या हाताखाली मी वाढले. मला ते "नाही" सहन होईना. मी हात सोडवून घेतला आणि थोडी लांब जाऊन उभी राहिले.

गर्दी ओसरल्यावर ताईंनी मला हळूहळू समजावलं. खाली माणूस उतरला की माद्या घाबरून पळतात, नर अंगावर येतात, आणि त्या पळापळीत दोन-दोन हजार किलोंच्या अंगाखाली दहा पिल्लं चिरडली जातात. एकाला उचलायला जाऊन दहा मारायची. १९७२ पासून तिथे कायदाच आहे, समुद्री सस्तन प्राण्यांना हात लावायचा नाही, त्रास द्यायचा नाही. त्यांच्यासाठी दवाखाना नाही असं नाही. 'द मरीन मॅमल सेंटर' १९७५ पासून आजारी, एकटे पडलेले सील उचलून नेतं, बरं करतं, परत समुद्रात सोडतं. माणसांच्या किनाऱ्यावर असं पिल्लू दिसलं तर लांब उभं राहून त्यांना फोन करायचा असतो. पण इथे, या गर्दीच्या मध्यभागी, प्रत्येक वादळात वाहणाऱ्या पिल्लांमागे कुणाला पाठवता येत नाही. काहींना आई परत सापडते. काहींना दुसरी एखादी मादी पाजते. काही जातात.

मला त्यांचं म्हणणं पटलं, पण पटलं म्हणून पोटात कालवायचं थांबलं नाही. मग मी मला येतं ते केलं. पार्श्वनाथांनी जळत्या लाकडातल्या नाग-नागिणीला णमोकार ऐकवल्याची कथा आपण सगळ्याच लहानपणापासून ऐकत आलो. मी कठड्याला धरून त्या पिल्लाकडे पाहत णमोकार म्हटला. वारा इतका की माझा मलाच ऐकू येत नव्हता. ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी टोपी काढली. दोघी बराच वेळ तशाच होतो.

पुढच्या मंगळवारी मी ते पिल्लू शोधलं. काळी पिल्लं शेकड्यांनी होती. त्यातलं ते कुठलं, किंवा त्यातलं एक ते होतं का, हे कळायला काही मार्ग नव्हता.

आपल्या स्वाध्यायात ज्ञाता-द्रष्टा हा शब्द किती वेळा येतो. जाणणारा आणि पाहणारा. आत्म्याचा स्वभावच तो, बाकी सगळी आपली ओढाताण. हा शब्द मी कित्येक वर्षं वहीत उतरवत आले आहे. त्या कठड्याशी मला कळलं की नुसतं पाहणं किती अवघड आहे. पाहणं म्हणजे मन दगड करणं नव्हे. पूर्ण दया ठेवून, डोळे न मिटता, हात मागे घेऊन उभं राहायचं, कारण आपला हात तिथे अपायच करणार आहे. आणि जिथे आपला हात उपयोगाचा आहे तिथे तो मागे ठेवायचा नाही. या दोन्हींतला फरक ओळखणं म्हणजे विवेक. जीवदयेला विवेक लागतो हे मला माहीत होतं. त्या दिवशी त्याची किंमत कळली.

त्या हिवाळ्यात बाकीही पुष्कळ पाहिलं. शनिवारी मुलगा-सून मोकळे असायचे. मोरो बे हे बंदर वीस किलोमीटरवर, तिथे पाणमांजरं दिसतात, समुद्रातली. पाण्यावर उताणी पडून, छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपले फोडतात. आई पोटावर पिल्लू घेऊन तरंगते आणि बुडी मारायची असेल तेव्हा पिल्लाला समुद्री शेवाळाच्या पट्ट्यांत गुंडाळून ठेवते, म्हणजे ते वाहून जाऊ नये. झोळीला दोरी बांधून आपण शेतात काम करायचो तसंच. हीसुद्धा कातड्यासाठी मारून संपवलेली. १९३८ मध्ये त्याच किनाऱ्यावर उत्तरेला पन्नासेक उरलेली दिसली, आता कॅलिफोर्नियात तीन हजारांच्या आसपास आहेत.

पाणमांजर खेकडा खाताना पाहून नातीने मला विचारलं, "आजी, त्याला पाप लागतं का?" नऊ वर्षांची आहे. मी म्हटलं, त्याला तुझ्यासारखा भाजी-पोळीचा डबा कुणी भरून देत नाही. मग रात्री तिला महावीरांच्या पूर्वभवातल्या सिंहाची गोष्ट सांगितली, मुनींचा उपदेश ऐकून ज्याने हिंसा सोडली तो. ती म्हणाली, "म्हणजे सिंहाला चॉइस दिला होता. पाणमांजराला कुणी सांगितलंच नाही." प्रश्न तिथेच सुटला असं नाही, पण मला तिचं उत्तर माझ्यापेक्षा बरं वाटलं.

पिस्मो बीचला निलगिरीच्या झाडांवर मोनार्क फुलपाखरं हिवाळा काढतात. थंडीत ती वाळक्या पानांसारखी फांदीला लटकून असतात, ऊन पडलं की सगळी फांदी केशरी होऊन उडते. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात ती लाखोंनी असायची. २०२० च्या गणतीत सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर मिळून दोन हजारसुद्धा भरली नाहीत, पुढच्याच वर्षी अडीच लाखांच्या जवळ गेली, मग पुन्हा उतरली. त्यांच्या अळीला एकाच जातीचं चिकाचं झाड लागतं, आपल्या रुईच्या कुळातलं. आपल्याकडे रुईवर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू अंडी घालतं, ते याचं नातलग. परसातली रुई उपटायच्या आधी एवढं लक्षात ठेवा.

फेब्रुवारी आला आणि किनाऱ्यावर माद्या कमी व्हायला लागल्या. चार आठवडे पाजून झालं की मादी एक दिवस उठते, समुद्राकडे जाते आणि मागे न पाहता निघून जाते. पिल्लू तिथेच. मला राग आला. मी ताईंना म्हटलं, "अशी कशी टाकून जाते?" त्या म्हणाल्या, "ती पाच आठवडे उपाशी आहे. अजून थांबली तर तीच मरेल. आणि द्यायचं ते तिने देऊन झालंय."

आता ती महिनोन् महिने भर समुद्रात राहणार. पाचशे-सहाशे मीटर खोल बुड्या, दिवसरात्र, मध्ये श्वासाला दोन-तीन मिनिटं वर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की समुद्रात असताना त्या दिवसाला जेमतेम दोन तास झोपतात, तेही बुडीतच, खाली खाली जात. संसारी बाईची झोप!

मागे राहिलेली पिल्लं मी सर्वांत जास्त पाहिली. काळी लव गळून त्यांना चंदेरी कातडी आलेली, अंगाने पिंपासारखी, आणि कुणी काही शिकवणारं नाही. ती एकमेकांना चिकटून घोळक्याने झोपतात. साठवलेल्या चरबीवर आठ-दहा आठवडे जगतात. संध्याकाळकडे उथळ पाण्यात उतरतात, नाकात पाणी गेलं की फुरफुरतात, पुन्हा उतरतात. पोहणं, श्वास रोखणं, सगळं आपलं आपण. मार्च-एप्रिलमध्ये एकेक करून निघून जातात, हजारो किलोमीटर, एकटी. पहिल्या वर्षात जवळपास निम्मी मरतात हेही ताई कुणापासून लपवत नसत. लहान मुलांनासुद्धा सांगायच्या, फक्त आवाज खाली आणून.

मार्चच्या शेवटी एका शनिवारी मुलगा माझ्याबरोबर आला होता. दोघंच होतो. साडेचारला मी डबा उघडला, मेथीच्या दशम्या आणि मुगाची उसळ, आणि त्यानेही माझ्याबरोबर तेव्हाच खाल्लं. खाली पिल्लं पाण्यात धडपडत होती. त्याने पुन्हा कागदांचं काढलं. मी म्हटलं, "दर हिवाळ्याला येत जाईन, अंगात आहे तोवर. राहायला नको."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तिथे तू एकटी असतेस, मला रात्री झोप लागत नाही."

"एकटी आहे," मी म्हटलं, "पण परकी नाही. सकाळी बस्तीत मी पाच मिनिटं उशिरा गेले तर तिघी जणी दारात येऊन हाक मारतात. इथे तुझ्याशिवाय मला कोण ओळखतं?"

"ताई ओळखतात," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. पुढे त्याने तो विषय काढला नाही. फोन मात्र आता रोज करतो, आणि मी रोज सांगते काय जेवले ते.

सील पाहून मी हे ठरवलं असं कुणी समजू नका. त्या मादीचं जाणं वेगळं, माझं परत येणं वेगळं. ती बिचारी आपल्याला धडा द्यायला किनाऱ्यावर येत नाही. सांगलीला यायची माझी कारणं साधी आहेत, बस्ती, ह्यांच्या हातची लावलेली सोनचाफ्याची झाडं, आणि मराठीत भांडता येतील अशा चार बायका. एवढंच म्हणेन की साडेपाच महिने आठवड्याला दोन-तीन तास गप्प उभं राहून पाहिलं, त्याने मनाची घालमेल कमी झाली, आणि मग मला काय हवं आहे ते माझं मलाच ऐकू आलं. मुलावर माया आहे, म्हणून त्याच्या घरात माझी कायमची खोली असलीच पाहिजे असं नाही. अंतर ठेवूनही माया करता येते. कठड्याच्या अलीकडून साडेपाच महिने मी दुसरं काय केलं?

निघायच्या आधीच्या मंगळवारी, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, माद्या परत यायला लागल्या होत्या. या वेळी कात टाकायला. समुद्रात खाऊन-पिऊन पुन्हा गोल झालेल्या. त्यांची पिल्लं तोवर बहुतेक निघून गेलेली. ताईंनी मला निळी टोपी दिली. मी त्यांना माझी जपमाळ दिली नाही, ती ह्यांनी आणलेली आहे, पण मेतकुटाची बरणी दिली. भातावर कसं घ्यायचं ते मुलाने कागदावर लिहून दिलं.

ज्या मुलांकडे जाणार आहेत त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. मुलांना आधीच सांगा की मला दुकानं नकोत, जवळपास कुठे पक्षी-प्राणी दिसतात ते दाखवा. प्रत्येक गावाजवळ काहीतरी असतंच. पिएद्रास ब्लांकासला फळ्यांची सपाट वाट आहे, गुडघे दुखत असले तरी जमतं, चाकाची खुर्चीही जाते. वारा फार असतो, कान झाकणारी टोपी आणि दोन स्वेटर हवेत. गाळून उकळलेलं पाणी थर्मासमध्ये न्या. डिसेंबरात सूर्यास्ताच्या आत जेवायचं तर डबा बरोबरच असू द्या, आणि खरकटं, चुरा काहीही तिथे टाकू नका. तिथल्या खारींनाही खायला घालायचं नसतं. आपल्याला ते दान वाटतं, त्यांना तो अपाय होतो. एक साधी दुर्बीण घ्या. आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जा. दहा जागा एकदा पाहण्यापेक्षा एक जागा दहादा पाहिली तर प्राणी कळायला लागतो.

घरी आल्यावर एक सवय राहिली आहे. आपल्या कृष्णेत मगरी आहेत हे आपण जन्मापासून ऐकतो, काठावरच्या लोकांची भीतीही खोटी नाही. पण त्यांच्याकडे नुसतं पाहायला म्हणून मी कधी गेले नव्हते. आता आठवड्यातून एकदा भाच्याबरोबर पुलावर जाते, दुर्बीण घेऊन. एप्रिल-मे हे त्यांच्या अंड्यांचे दिवस. परवा एक मोठी मगर पलीकडच्या वाळूवर तोंड उघडं टाकून पडली होती. अर्धा तास ती हलली नाही, मीही हलले नाही.

पुढच्या मंगळवारी कुणाला यायचं असेल तर सकाळी सातला पुलावर या. डबा मी आणेन.

जय जिनेंद्र.